साठ पावलांची बुट्टी

आजोबांच्या फायलीत सत्तावीस ग्राफ आहेत. सव्वीस ग्राफांच्या उजव्या कोपऱ्यात ‘तपासला’ असं लिहून त्यांची सही होती. सत्ताविसाव्यावर नव्हती.

आजोबा, म्हणजे रामदास, परळच्या एका गिरणीत डिझाइन खात्यात होते. साडीवरची बुट्टी आधी चौकटींच्या कागदावर उतरायची. आजोबा एकेक घर मोजून सही करायचे. सहीशिवाय ग्राफ मागावर जात नसे. सत्ताविसावा ग्राफ माझ्या चंपाआत्याचा. १९८८ साली, नववीत असताना, तिने शाळेत आलेल्या कॉम्प्युटरवर बेसिक या मशीनच्या भाषेत एकतीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. मधल्या घरापासून निघायचं, मशीन जो आकडा काढेल त्याप्रमाणे वर, खाली किंवा बाजूला एक पाऊल टाकायचं. अशी साठ पावलं, आणि प्रत्येक पावलाचं आरशातलं रूप बाकीच्या तीन कोपऱ्यांत. पडद्यावर उमटलेलं फूल तिने ग्राफवर उतरवून घरी आणलं.

आजोबा म्हणाले, “माझ्या खात्यातल्या कुठल्या कागदावरून उतरवलंस?”

“शाळेच्या प्रदर्शनाला या बाबा. मशीनच काढून दाखवेल.”

पहिली पाळी संपवून आजोबा शाळेत गेले. मशीनने फूल काढलं, पण दुसरंच. चार वेळा काढलं, चारही वेगळी. घरी येऊन ते एवढंच बोलले, “खोटं बोललीस.” त्यानंतर आत्या कॉम्प्युटरच्या वर्गाला गेली नाही.

यंदा बुद्धपौर्णिमेला मी ती फाईल चाळताना विचारलं, म्हणून आत्याने हे सांगितलं. आता ती शीवला राहते, बँकेत आहे. “वही आहे अजून माझ्याकडे,” ती म्हणाली. “पण आता काय उपयोग?”

उपयोग होता. आजोबांच्या उजव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो, आणि डाव्याची डॉक्टर वर्षभराचीही खात्री देत नाहीत. दाखवायचं तर आत्ताच.

माझा कॉलेजातला मित्र हेरंब जुने कॉम्प्युटर जमवतो. पुढच्या रविवारी आत्या वही घेऊन आमच्या घरी आली, आणि हेरंब गिरगावहून टॅक्सीने. मांडीवर जाडजूड छोटा टीव्ही, पिशवीत रबरी कळांचं काळं मशीन.

“असंच होतं गं!” आत्याने कळांवरून बोट फिरवलं. “एक कळ दाबली की अख्खा शब्द यायचा.”

वहीतून प्रोग्राम मी टाईप केला. एमएस्सी करताना लागलेल्या सवयीप्रमाणे तीन-चार वेळा चालवून पाहिला, सगळं ठीक आहे याची खात्री केली, आणि मग आजोबांना खुर्चीवर आणून बसवलं. त्यांच्या हातात धागे मोजायचं भिंग होतं. रन दाबलं. फूल उमललं.

आजोबांनी ग्राफ मांडीवर घेतला, पडद्याला नाक लावलं. “छान आहे. पण हे ते नाही.”

पुन्हा रन.

“हेही नाही.”

“बंद कर गं प्रिती,” आत्या उठली. “तेव्हाही हेच झालं होतं.”

तिचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं. चूक तीच होत असेल, तर कारणही तेच असणार.

“आत्या, प्रदर्शनात आजोबा यायच्या आधी किती वेळा चालवलं होतंस?”

“सकाळपासून. येईल त्याला दाखवत होते.”

“आणि ग्राफ उतरवलास त्या दिवशी?”

“एकदाच. पंधरा मिनिटांची पाळी असायची. पाळी झाली की बाई बटण बंद करायच्या, पुढच्या मुलीला कोरं मशीन.”

मी हेरंबकडे पाहिलं. त्याने कपाळावर हात मारला.

“प्रिती, तुला एमएस्सी कोणी दिली? आणि मला तरी हे आधी का सुचू नये?”

मी आत्याला आणि आजोबांना समजावलं. हे मशीन आकडे मनाने काढत नाही. त्याच्याकडे आकड्यांची एक ठरलेली रांग असते. मशीन सुरू केलं की रांग पहिल्यापासून. प्रत्येक रनला साठ आकडे खर्च होतात, पुढचं फूल एकसष्टाव्यापासून. आत्याची बुट्टी फक्त पहिल्या रनलाच येणार होती. प्रदर्शनात ती सकाळीच येऊन गेली होती. आज मी ती तपासण्यात घालवली होती.

हेरंबने वायर काढली. प्रोग्राम पुसला गेला. प्रोग्राम साठवून ठेवायला टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणजे सगळं पुन्हा टाईप करायचं, आणि पहिल्याच झटक्यात बरोबर.

“मी करते,” आत्या म्हणाली.

मी ओळी वाचल्या, तिने कळा दाबल्या. रन. सात पावलं पडली आणि मशीन थांबलं. माझ्याकडून एक ओळ वाचायची राहिली होती. आकडे खर्च झाले. आत्याचे हात मांडीवर आले.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, “मागाच्या कार्डात एक भोक चुकलं की आम्ही पण अख्खं कार्ड नवं पाडायचो. घे, परत टाईप कर.” मग माझ्याकडे वळले. “आणि तू नीट वाच.”

वायर काढली, लावली. एकतीस ओळी. हेरंबने वही घेऊन पडद्यावरची प्रत्येक ओळ ताडून पाहिली. आत्याने रन दाबलं आणि डोळे मिटले.

चौकोन एकेक करून उमटत गेले. शेवटचा उमटल्यावर आजोबा भिंग घेऊन पुढे झाले. एक बोट ग्राफवर, एक काचेवर.

“पहिली ओळ. दोन काळी, एक कोरं, दोन काळी...”

खालून भंगारवाल्याची हाक येऊन गेली. सातव्या ओळीला त्यांचं बोट घसरलं, तर ते परत पहिल्यापासून मोजायला लागले. एकोणीस ओळी मोजून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“पेन आहे का कुणाकडे?”

हेरंबने दिलं. ग्राफचा उजवा कोपरा चाचपून त्यांनी मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहिलं: ‘तपासला’. खाली सही.

“चंपे, तारीख तेव्हाची टाकू?”

“आजची टाका बाबा. तपासलात आज ना.” ती हसत होती.

त्यांनी आजची टाकली. हेरंब वायरीला हात लावणार, तेवढ्यात आजोबा म्हणाले, “ए, थांब. एकसष्टाव्या आकड्यापासून काय येतं ते बघू दे. प्रिती, फायलीत मागे कोरे ग्राफ असतील बघ. एक तुझ्या आत्याला दे.”