ताजा भुसा

बाईंनी करवतीच्या दातांवरून नख फिरवलं, तर ताजा भुसा निघाला.

करवत फळीवर, तिच्यासाठी रंगवलेल्या आकृतीवरच टांगलेली होती, फक्त उलटी. आणि आज वर्गात लाकूड कापलंच नव्हतं. आज नुसता पुठ्ठा आणि खळ. म्हणजे मधल्या सुट्टीत कोणीतरी काहीतरी कापलं होतं, आणि ते काहीतरी आता कोणाच्या तरी वजनाची वाट पाहत उभं होतं.

सहा वर्षांच्या मुलांना रचना आणि तंत्र शिकवायची कल्पना बाईंचीच. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, परवानगी देताना एवढंच म्हटलं होतं, "एकाला जरी खरचटलं, तर करवतही जाईल आणि तुम्हीही." क्रम त्यांनी विचारपूर्वक लावला असावा.

बाईंनी आधी घसरगुंडी बंद करायला लावली. मग वर्गात येऊन एकेका बुटक्या खुर्चीवर स्वतः बसून पाहू लागल्या.

"काय शोधताय?" मावशींनी केर काढता काढता विचारलं.

"कापलेला पाय."

मावशींच्या हातातून झाडू पडला.

"खुर्चीचा हो!"

"मग तुम्ही नका बसू, बाई. तुम्ही बसलात तर न कापलेलाही जाईल."

सुट्टी संपली, मुलं आत आली. बाईंनी कोणालाच बसू दिलं नाही. सगळी उभी राहिली, कोणी थोर माणूस वारल्यासारखी.

"करवत कोणी घेतली होती? मी रागावणार नाही."

हे वाक्य मोठी माणसं केव्हा म्हणतात, ते मुलांना पक्कं ठाऊक असतं. मागे मुंगी उभी होती. वर्गातली सगळ्यांत लहान, म्हणून मुंगी. तिच्या बाहीवर पिवळट भुसा होता.

बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"हात दाखव बघू."

दोन्ही हात शाबूत होते. बाईंचा जीव निम्मा भांड्यात पडला.

"काय कापलंस, बाळा?"

"तुम्हीच म्हणालात," मुंगी पुटपुटली. "आधी अडचण शोधायची. मग ती कोणाची आहे ते बघायचं. मग करायचं."

"हो गं. पण कोणाची अडचण?"

"भोंग्याची."

भोंगा मुंगीच्या शेजारी बसायचा. हळू बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं. आत्ता त्याची जागा रिकामी होती. वर्ग इतका शांत कसा, हा प्रश्न बाईंना पडायला हवा होता. तो पडला नव्हता.

मुंगीने त्यांचं बोट धरलं आणि जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीपाशी नेलं. मोठ्या बाई तिला शांतिकक्ष म्हणत आणि आवाज करणाऱ्या मुलांना तिथे कोंडत. आत दिवा नव्हता, त्यामुळे शांतता लवकर पटे. या दारावरून जाताना बाईंना रोज नेमकं घड्याळ पाहावंसं वाटे.

दाराला बाहेरून फिरवायची लाकडी खिटी होती. होती म्हणजे, आता अर्धीच होती. दुसरा अर्धा तुकडा खाली, उपड्या बादलीशेजारी पडला होता. दार उघडं होतं. भोंगा आत, उंबऱ्याला पाय लावून बसला होता. रडत नव्हता. बोलतही नव्हता.

"दार उघडलं, तरी बाहेर येत नाही," मुंगी म्हणाली. "माझं काही चुकलं का?"



"हे काय?" जिन्यावरून मोठ्या बाईंचा आवाज आला. पावलं खाली उतरू लागली. "दाराला हात कोणी लावला?"

मुंगी बाईंच्या मागे लपली. बाईंनाही कोणाच्या तरी मागे लपायचं होतं, पण मागे मुंगीच होती.

"माझ्या वर्गातलं काम आहे, मोठ्या बाई." बाई म्हणाल्या. मग त्या मुंगीकडे वळल्या. "जा, स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये. उरलेली अर्धी आपण दोघी मिळून काढू."

"तुम्ही माझ्याशी बोलताय की तिच्याशी?" पावलं शेवटच्या पायरीवर आली होती.

 बाई खाली वाकल्या.

"सरक जरा," असं भोंग्याला म्हणत त्या त्याच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत बसल्या.