सारजाच्या दगडाला शेंदूर

भवानीनगरचा कारखाना सुरू झाला आणि आमच्या वाडीला रस्त्याचं वेड लागलं. वाडी कळसच्या अलीकडं. पाटाच्या झिरप्यानं वाट कायम चिखलाची, उसाच्या गाड्या आसापर्यंत रुतायच्या. रस्ता हवाच होता. मलाही हवा होता, माझाही दोन एकर ऊस होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला रस्त्याचा वैरी समजाल.

फक्त ओव्हरसियरनं मारलेली चुन्याची रेघ आमच्या बारवेच्या मधून गेली. पायऱ्या उतरून जायची जुनी दगडी विहीर ती. पाटाचं पाणी आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नव्हतं, पायऱ्यांवर शेळ्या बसायच्या. पण बारवेच्या तोंडाशी एक उभा दगड होता आणि त्यावर चार ओळी कोरलेल्या होत्या. माझा आजा माझं बोट धरून त्या अक्षरांवरून फिरवायचा. त्याला वाचता येत नव्हतं, ओळी मात्र तोंडपाठ. पुढं शाळेत गेल्यावर मी ताडून पाहिल्या, एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

‘गेणूची बायको सारजा. पोटी संतान नाहीं. वाटसरूच्या तहानेसाठीं ही बारव बांधिली. पाणी पिईल त्याने नांव घ्यावें.’

आजा ओंजळ तोंडाला लावण्याआधी ‘सारजा’ म्हणायचा. मीही म्हणायचो. आजा गेल्यावर म्हणणारा मी एकटा उरलो. मी नाव घेतलं नाही तर त्या बाईचं या जगात कुणीच नाही, असं मला खरंच वाटायचं. हसा हवं तर.

रेघ जरा सरकवा म्हणून मी सरपंच सर्जेरावांकडे गेलो.

“जोतीराम, पडकी हिर हाय ती,” ते म्हणाले. “चार गावाचा ऊस अडवतोस व्हय तिच्यापायी?”

मग मी पुण्याच्या पुराणवस्तू खात्याला अर्ज लिहिला. चार महिने झाले, उत्तर नाही. बारवेशेजारी खडीचे ढीग पडायला लागले, आणि तेव्हा माझं डोकं चाललं. चाललं म्हणजे काय, आजवर मी त्याला शिव्या देतो आहे.

एका दुपारी वाडी जेवून आडवी झाली असताना मी बारामतीच्या बाजारातून आणलेला शेंदूर तेलात कालवला आणि दगडाला फासला. अक्षरं बुजली. पण म्हटलं, आधी जीव तर वाचू दे, अंग मागनं धुता येईल. संध्याकाळी पारावर सांगितलं, “सपनात म्हसोबा आला हुता. म्हनला, बारवंवर बसलोय, मला हलवू नगा.”

दुसऱ्या दिवशी मजुरांनी पहारी खाली ठेवल्या. ओव्हरसियर चरफडला, ‘वर कळवतो’ म्हणाला आणि रस्ता दोन्ही अंगांनी येऊन बारवेपाशी थांबला. मी मिशीत हसत होतो.

माझी चुलती दगडाबाई मात्र हसण्यावारी नेणारी नव्हती. तिची सून कौसल्या, लग्नाला नऊ वर्षं झालेली, कूस रिकामी. दगडाबाईनं तिला दर रविवारी ओल्या लुगड्यानं म्हसोबाला आणायला सुरुवात केली. तिसऱ्या महिन्यात कौसल्येला दिवस गेले. मग काय विचारता! लासुर्ण्यापासून बाया येऊ लागल्या. प्रत्येकीचा हात शेंदराचा. दगडावर बोटभर जाड थर चढला. पाणी कुणीच पीत नव्हतं, सगळ्या दगडाच्याच पाया पडत होत्या.

आणि मग, अर्ज विसरून गेल्यावर, पुण्याचे साहेब आले. साधा भला माणूस. भाड्याच्या सायकलवरून आला, बरोबर कागदाची गुंडाळी आणि ब्रश. बारवेत उतरून पायऱ्या मोजल्या, कोनाडे पाहिले, वर येऊन म्हणाले, “काम चांगलं आहे. लेख कुठं आहे?”

मी शेंदराकडे बोट दाखवलं. चार ओळी म्हणून दाखवल्या.

“तुमच्या पाठांतरावर कागद होत नाही हो,” साहेब म्हणाले. “मला दगडावरच्या अक्षरांचा ठसा लागतो. लेख मिळाला तर आजच लिहितो, रस्ता वळवावा लागेल. हे खरवडा.”

त्यांनी पिशवीतून बोथट सुरी काढली. तोवर वाडी जमली होती. दगडाबाई येऊन दगडाला मिठी मारूनच बसली.

“काकी, बाजूला सर,” मी म्हणालो. “ह्यो देव न्हाय. मी फासलाय शेंदूर, माझ्या हातानं. सपान बी खोटं.”

“तवा देव तुझ्या तोंडानं बोलला, आता तुझं तू बोलतुयास,” ती म्हणाली. “कौसे, पुढं ये. बघू दे ह्येला.”

कौसल्या पुढं आली. आठवा महिना लागलेला. दोन्ही हात पोटावर धरून ती माझ्याकडे बघत राहिली. “भावजी,” एवढंच म्हणाली.

साहेबांनी सुरी माझ्या हातात दिली. “गावच्या माणसानंच केलेलं बरं.”

मला ठाऊक होतं तो देव नाही. जगात ठाऊक असलेला मी एकटाच होतो. पण समजा त्या पोराला काही झालं असतं तर? आपोआप, कशानंही? तिनं जन्मभर माझ्या हाताकडं बघितलं असतं. मी सुरी परत दिली.

साहेबांनी वहीत लिहिलं, ‘लेख आढळला नाही.’ लिहिताना त्यांनाही वाईट वाटलं, हे मी पाहिलं.

पुढचं सर्जेरावांनी सोपं केलं. “देवाला नवा चौथरा बांधू, वाजतगाजत नेऊ. बारव काय, मोकळीच.” कौल लावला, तोही उजवा मिळाला. पालखीपुढं नारळ फोडायचा पहिला मान मला. फोडला.

मुरूम टाकायच्या आदल्या दिवशी मी पायऱ्या उतरलो, ओंजळ भरली, नाव घेतलं आणि पाणी प्यालो. मग तीन दिवस बारवेत गाड्या रित्या होत होत्या. वरून रूळ फिरला. पहिल्याच हंगामात माझा ऊस त्याच रस्त्यानं गेला, एकदाही न रुतता.

कौसल्येला मुलगी झाली. बारशाला बाया पाळण्याभोवती जमल्या. दगडाबाईनं मला हाक मारली, “जोतीराम, देव तुझ्या सपनात आला. नाव बी तूच सुचव.”

मी म्हणालो, “सारजा ठेवा.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

“सारजा?” दगडाबाई म्हणाली. “कोन सारजा?”

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. दाखवायला बारव नव्हती. दगड होता, पण त्याच्या पाया पडूनच त्या आल्या होत्या.

“कोन न्हाय,” मी म्हणालो. “आपलं असंच सुचलं.”

पोरीचं नाव म्हसाबाई ठेवलं.