टेपवाल्याचे जोड

भूकंपानंतर लातुरात जेवढी घरं उभी राहिली, त्यातल्या निम्म्यांच्या भिंतींत माझे जोड आहेत, असं मी चारचौघांत सांगतो. पाइपाच्या आट्यांवर ताग गुंडाळायचा, वरून सफेद्याचा पांढरा लेप फासायचा आणि पान्ह्याने आवळायचं, ही माझी, या मोहियोद्दीनची पद्धत. हल्लीचे प्लंबर खिशातून टेफलॉनची पांढरी टेप काढतात, जखमेला पट्टी बांधावी तसे चार वेढे मारतात आणि मोबाइलवर बोलत निघून जातात. यासेर त्यांच्यातलाच. आयटीआयचा कागद घेऊन आलेला, कपड्यांची इस्त्री मोडू न देता काम करणारा.

दयानंदराव मूळचे चाकूरचे. शिकवणीच्या पोरींसाठी त्यांनी लातूरच्या घरावर मजला चढवला आणि घराचं होस्टेल केलं. एका खोलीत चार पोरी, आरशाच्या जागी रसायनशास्त्राचा तक्ता. स्वतः दहावीला दोनदा आपटलेला हा माणूस, पण कुणी 'सर' म्हटलं की फुलून जातो. खालच्या मजल्याचे नळ मी वीस वर्षांपूर्वी घातले होते. पुढे गुडघ्यामुळे जिना चढवेना, म्हणून वरच्या मजल्याचं काम यासेरला मिळालं. टेपवाल्याला घरात घेतलंत, आता भिंत सडणार, असं मी दर जुम्म्याला नमाजहून येताना दयानंदरावांना ऐकवायचो. गेटपाशी थांबून, आत काम करणाऱ्या यासेरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग रेल्वेने पाणी आणायची वेळ आली ते वर्ष. नळ महिनोन्महिने कोरडे. पोरी टँकरच्या पाण्याच्या बादल्या वर वाहून न्यायच्या. पावसाळा सरता सरता टाकीत पुन्हा पाणी पडलं आणि आठवड्याभरात खालच्या बाथरूमची भिंत छताजवळ ओली झाली. दयानंदरावांनी मला बोलावलं, यासेरलाही बोलावलं. पुढच्या वर्षी तिसरा मजला चढायचा होता आणि त्याचं काम यासेरला कबूल झालं होतं. टेप गळत असेल तर ते काम गेलं समज, असं दयानंदरावांनी त्याला तोंडावर सांगितलं. यासेरचा चेहरा उतरला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

ओल्या भिंतीची फरशी मीच फोडली. आत वीतभर अंतरावर दोन जोड होते. खालचा माझा, वरचा यासेरचा. वरच्याभोवती मी शिकवणीच्या जाहिरातीचा कागद गुंडाळून धरला. तो कोरडाच राहिला. खालच्याला लावला तर लगेच भिजला. ताग पाण्याने फुगतो, म्हणून जोड धरून ठेवतो. सहा महिने पाइप रिकामा राहिला तर तो वाळून आक्रसतो. हे मला आधीच सुचायला हवं होतं, पण मी सगळा वेळ दुसऱ्याच्या टेपला नावं ठेवत बसलो होतो. मला माझीच किळस आली.

"हा जोड माझा हाय, दयानंदराव," मी म्हणालो. "पोराचा न्हाई."

दयानंदरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाणी वरून खाली येतं, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

"चाचा, तुमच्यातला हाय म्हणून झाकून राहिलेत तुम्ही," ते म्हणाले. "टेपवाल्याला घरात घेऊ नका, हे तुम्हीच सांगत होते का न्हाई?"

मी पुन्हा सांगितलं. ते हसले आणि माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करत राहिले. यासेरने आपली पिशवी उचलली. दाराशी तो माझ्याजवळ थांबला.

"दर जुम्म्याला बोलत होते, चाचा," तो म्हणाला. "आज एक दिवस बोलून काय व्हनार?"

वरच्या मजल्याची सगळी लाइन उखडून ताग-सफेद्याने नव्याने घालायचं काम दयानंदरावांनी मला दिलं. नाही म्हणता आलं असतं. पण माझं नाव राहत होतं, आणि मी ते राहू दिलं. गुडघा धरत जिना चढलो आणि यासेरचे अठरा जोड एकेक करून उघडले. एकाहीभोवती ओल नव्हती. खाली दयानंदराव नव्या पोरींच्या बापांना सांगत होते, की इथलं काम जुन्या हाताचं आहे.