मी बूच नव्हतो

मी एक जुना खोटारडा आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढा, काळा, वजनाला सुपारीच्या खांडाइतका. माझ्या एका टोकाला संगणकात खुपसायची पिन आहे आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही. वायर नाही, दिवा नाही, बटण नाही. मला संगणकाच्या पाठीत लावलं की मी त्याला सांगतो, "मॉनिटर जोडलेला आहे बरं का, चांगला मोठा आहे, तू आपली चित्रं काढत राहा." मॉनिटर नसतोच. एवढं एकच खोटं मी जन्मभर बोललो आणि त्याच्या भरवशावर एक अख्खं गाव निर्धास्त होतं.

आपली कहाणी सांगताना गोड बोलावं, कुणाला दुखवू नये, असा रिवाज आहे. तो मला पाळता येणार नाही. मी रागावलेलो आहे आणि रागातच सांगणार आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक बारीकशी चिप बसवली आणि तिच्यात एका मॉनिटरची खोटी ओळख भरली. माझं पाळण्यातलं नाव डिस्प्ले एम्युलेटर. दुकानदार मला डमी प्लग म्हणतात आणि बाकीचं जग मला बूच म्हणतं. प्लास्टिकच्या पुडीत बसून मी धानोऱ्याला बाबूभाईंच्या दुकानात आलो. तिथे मोबाईलच्या कव्हरांमध्ये खिळ्याला टांगलेला असा मी वर्षभर धूळ खात होतो.

धानोऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला हिरडबोडी नावाचं गाव आहे. पलीकडच्या डोंगरांतून तिथे हत्तींचा कळप येऊ लागला होता. धान पिवळं पडलं की हत्ती यायचे, दिवस मावळायच्या सुमारास. गावाच्या ग्रामसभेनं तेंदूपानाच्या पैशातून जंगलाच्या टोकाला खांबावर एक कॅमेरा लावला, सभागृहाच्या मागच्या खोलीत संगणक बसवला आणि छपरावर भोंगा चढवला. कॅमेऱ्यात हत्ती दिसला की संगणक तो ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की शेतातल्या माणसांनी हातातलं काम टाकून गावात यायचं, असा नियम ठरला.

पहिल्या वर्षी संगणकाला मॉनिटर होता. तालुक्यातल्या एका कचेरीत मोठी बैठक होती, तिच्यासाठी एक साहेब तो दोन दिवसांकरता मागून घेऊन गेले. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत! मॉनिटर गेला आणि संगणक रुसला. बघायला कुणी नाही तर मी चित्रं कशाला काढू, अशी या यंत्रांची जात असते. चित्र नाही म्हणजे हत्तीची ओळख नाही आणि ओळख नाही म्हणजे भोंगा नाही.

ही सगळी यंत्रणा मंजुषा सांभाळायची. ती हिरडबोडीची सून, धानोऱ्यात सेवा केंद्र चालवायची आणि तिथूनच आपल्या मोबाईलवर गावचा संगणक उघडून बघायची. ती बाबूभाईंकडे आली तेव्हा काकुळतीला आली होती. बाबूभाईंनी मला खिळ्यावरून काढलं.

"बाई, ये लगाव," ते म्हणाले. "मॉनिटर का टेन्शनच नको. कंप्यूटरला वाटते मॉनिटर लागला आहे."

मंजुषानं मला नेऊन लावलं आणि संगणक मुकाट्यानं कामाला लागला. मला कामाची जागा मिळाली ती अशी.

पुढची तीन वर्षं मी हाललो नाही. संगणकाच्या पाठीशी, भिंतीकडे तोंड करून, उन्हाळ्यात तापत आणि पावसाळ्यात ओल सोसत मी माझं खोटं बोलत राहिलो. भोंगा किती वेळा वाजला ते मोजलेलं नाही, पण माणूस एकही दगावला नाही. पाहुणे यायचे. ते कॅमेऱ्याखाली उभे राहून फोटो काढायचे, भोंग्याकडे बोट दाखवून वा वा करायचे. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मरमर करावी एकानं आणि हार पडावा दुसऱ्याच्या गळ्यात, हे मला तेव्हाही झोंबत होतं. खोटं कशाला सांगू?

एकटी सुकरीबाई मात्र वेगळी. जंगलाला लागून जिचं शेवटचं शेत आहे ती ही म्हातारी. नवरा वारलेला, मुली सासरी, घरात एकटीच. एकदा मंजुषा खोली झाडत असताना तिनं मला बोटानं टोचून विचारलं, "हे काय होय वं?"

"मॉनिटर नाई ना काकू, म्हनून त्याचं सोंग आहे हे," मंजुषा म्हणाली.

सुकरीबाई खदखदून हसली. "म्हंजे मी दाराशी बुढ्याचे जोडे ठेवतो, तसंच! घरात मानूस नाई, पन चोराले वाटते आहे."

माझं काम इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या शेताची बाजू कॅमेऱ्यात आली की मला बरं वाटायचं.

आता गुणवंतरावांची गोष्ट. ते ग्रामसभेचे अध्यक्ष. माणूस हाताचा स्वच्छ, कष्टाळू, पण यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत. तिला कारणही होतं. गावात नवा फवारणी पंप आला तेव्हा तो पाणीच फेकेना. गुणवंतरावांनी त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण शोधून काढलं, कारखान्यात लावलेलं आणि काढायचं राहिलेलं. पंप चालू झाला. तेव्हापासून कुठल्याही यंत्राचं टोपण दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी सभागृहात पूजा मांडली. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, तेंदूपानाचा काटा, सगळं घासूनपुसून सतरंजीवर ठेवलं. मग ते मागच्या खोलीत आले. त्यांनी रीतसर संगणक बंद केला, ओल्या फडक्यानं पुसला, पाठीमागची कोळिष्टकं काढली आणि तिथे मी दिसलो.

"हे बूच काऊन लावून ठेवलं इथी?" ते स्वतःशीच म्हणाले. "याले ना वायर, ना काई. मशीनले हवा पायजे ना!"

आणि त्यांनी मला उपटलं.

मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. ओरडता आलं असतं तर त्या दिवशी भोंग्याची गरज पडली नसती. त्यांनी संगणकाला हळदीकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि पुन्हा चालू केला. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. "पाहा, कसा मोकळा श्वास घेऊन राह्यला," असं म्हणून त्यांनी हात जोडले. ज्याची पूजा चालली होती तो संगणक आंधळा झाला होता आणि मी त्यांच्या बंडीच्या खिशात खर्ऱ्याच्या पुडीशेजारी पडलो होतो. नंतर कुठेतरी ठेवू म्हणून खिशात टाकलं आणि विसरले. बंडी रोजची. चार दिवस मी तंबाखूच्या वासात त्यांच्याबरोबर गावभर हिंडलो.

मंजुषा दसऱ्याला माहेरी गेली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"भाऊ, मले स्क्रीन काळी दिसून राह्यली. संगनकाले कोनी हात लावला का?"

"नाई बाई, कोनीच नाई. फक्त पूजा केली. दिवा चालू आहे, पंखा चालू आहे."

"मंग नेटवर्कच नसन," ती म्हणाली. "मी चार दिवसानं येतो, मंग पाहतो."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. पूजा म्हणजे हात लावणं नव्हेच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि मी त्यांच्या छातीपासून चार बोटांवर होतो.

पूर्वी भोंगा नव्हता तेव्हा गावातली माणसं शेकोट्या पेटवून, डबे वाजवून राखण करत. भोंगा आला आणि ती सवय सुटली. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, सुकरीबाई शेतातल्या मचाणावर बसली होती. लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं आणि कापलेल्या भाऱ्यांचा पुंजणा मचाणाशेजारीच रचला होता. वर्षाचं खाणं होतं ते. बांबूत काहीतरी मोडल्याचा आवाज तिनं ऐकला, पण ती उतरली नाही. भोंगा वाजला नाही म्हणजे हत्ती नाहीत, असा तिचा हिशोब होता. तो हिशोब तिला आम्हीच शिकवला होता.

आरडाओरडा ऐकून गुणवंतराव धावत सुटले आणि त्यांच्या खिशात मीही. हत्तींनी पुंजणा विस्कटून खाल्ला होता, मचाण आडवं केलं होतं. सुकरीबाई बांधाच्या खाली पडली होती, उजवा हात कोपराखाली वाकडा झालेला. लोकांनी डबे बडवले तेव्हा कळप बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या, पलीकडे हटला, पण गेला नाही. गुणवंतरावांनी तिला उचललं. तिचं डोकं त्यांच्या खिशावर टेकलं होतं.

"भोंगा काऊन नाई वाजला गा?" ती विव्हळत विचारत होती. "काऊन नाई वाजला?"

उत्तर तिच्या कानाखाली होतं. आजही ते आठवलं की माझ्या पिना तापतात.

रातोरात धानोऱ्याच्या दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घातला. सकाळी जीप तिला घेऊन परतली तेव्हा सभागृहात ग्रामसभा भरलेली होती. ती घरी जायला तयार होईना, म्हणून तिची खाट तिथेच टेकवली. मंजुषाही पहिल्या गाडीनं येऊन पोचली आणि दारातच लोकांनी तिला घेरलं. मशीन भिकार आहे, विकून टाका. हिनं काय बसवलं देव जाणे. सणाला माहेरी जायची हौस आणि इकडे माणसं मरायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! शेवटी "एकदा पाहू तर द्या" म्हणून ती मागच्या खोलीत गेली.

परत आली ती दारातूनच विचारत.

"मागं एक काळं टोपन होतं. कोनी काढलं?"

गुणवंतरावांचा हात खिशात गेला. त्यांची बोटं माझ्याभोवती आवळली आणि तिथेच थांबली. मला वाटलं, हा माणूस आता गप्प बसणार. संध्याकाळी मला बोडीत फेकून देणार, संगणक भंगारात जाणार आणि मंजुषाच्या माथी म्हातारीच्या हाताचं खापर कायमचं फुटणार. तोवर कुणीतरी ठराव मांडलाही, यंत्रणा काढून टाकावी आणि मंजुषाकडून काम काढून घ्यावं. हात वर होऊ लागले.

"थांबा," गुणवंतराव उभे राहिले. त्यांनी मला तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. "मी काढलं. खंडेनवमीले. मले वाटलं बूच आहे, काईच जोडलेलं नाई, हवा अडते. मंजुषाचा काई दोष नाई. सुकरीबाईचा हात मी मोडला."

खरं बोलले. त्याबद्दल त्यांना मान देतो, पण पुढचं ऐका. त्यांना रडू फुटलं. कुणी पाणी आणलं. एक जण म्हणाला, चूक माणसाकडूनच होते. दुसरा म्हणाला, पण अध्यक्षानं विचारायला नको होतं का? तिसऱ्यानं राजीनाम्याची गोष्ट काढली, चौथ्यानं ती खोडून काढली. मंजुषा भिंतीला टेकून हुंदके देत होती. सगळे बोलत होते, सगळे हळहळत होते आणि मी तळहातावर पडून होतो. बाहेर शेतांत सात बाया धान कापत होत्या. सभेला घरटी एक माणूस पुरे आणि हत्ती एव्हाना गेले असतील म्हणून त्या कामावर गेल्या होत्या. संतापानं माझा जीव चालला होता.

"गुणवंता!" खाटेवरून सुकरीबाई कडाडली. "रडजो मंग. माफी बी मागजो मंग. आंधी ते लाव ना! काऊन हातात धरून उभा आहेस?"

गुणवंतराव धावले. मंजुषानं त्यांच्या हातातून मला घेतलं, अंगाला चिकटलेला खर्ऱ्याचा चुरा फुंकून उडवला आणि मला जागेवर दाबलं. मी माझं जुनं खोटं बोललो. संगणकानं डोळे उघडले. कॅमेऱ्यात बोडीच्या अलीकडे, बांबूच्या सावलीत, करड्या पाठी हलत होत्या.

भोंगा वाजला. सातही बाया विळे टाकून गावात आल्या.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर मंजुषानं चिकटवलेली चिठ्ठी आहे, "काढू नका". गुणवंतराव खंडेनवमीला मला न काढता कुंकू लावतात. मला ते नको आहे. सुकरीबाईचा हात वाकडाच जोडला गेला, तिला आता विळा धरता येत नाही आणि माझा राग अजून उतरलेला नाही. तुम्हाला एवढंच सांगतो. ज्या वस्तूचं काम तुम्हाला दिसत नाही, तिला हात लावायच्या आधी ते ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. आणि चुकून काढलीच असेल, तर माफीची भाषणं मागाहून करा. आधी ती परत जागेवर लावा, कारण शेतात कुणीतरी वाकून धान कापत असतं.