शेवटच्या घराची तार

केसाएवढी काचेची तार सांधणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो. जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

दरीतल्या एकतीस घरांना नवं इंटरनेट द्यायचं काम आमच्याकडे होतं. नियम साधा. आधी घरात बॅटरी बसवायची, मग मेन स्विच बंद करून फोन लावून बघायचा, आणि तो लागला तरच जुनी तांब्याची तार उतरवायची. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून तारेतूनच यायची, त्यामुळे घरात अंधार झाला तरी तो चालायचा. नवा फोन इंटरनेटच्या डब्यातून चालतो आणि त्या डब्याला घरची वीज लागते. मोबाइलला तिथे रेंज नाही.

बॅटऱ्या आल्याच नाहीत. साहेबांना मात्र शुक्रवारी उद्घाटन हवं होतं. मग आम्ही दिवे चालू ठेवूनच फोन लावून बघितले, कागदावर बरोबरच्या खुणा केल्या आणि तारा गुंडाळल्या.

शेवटचं घर माझ्या थोरल्या बहिणीचं. भावोजींना वर्षापूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. छातीत दुखलं की क्षणभरही न थांबता फोन करा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिची तरी तार ठेवायला हवी होती. पण तीस घरांची काढली आणि बहिणीची ठेवली, तर लोक काय म्हणतील? मोठा लागून गेलो होतो न्यायाचा पुतळा!

ताई खुशीत होती. परदेशातली लेक पडद्यावर दिसत होती. मी शिडीवर चढलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "वीज गेली तर रे?"

बॅटरी आठवड्यात येईल, म्हणालो. भावोजी खुर्चीतून हसले. मेव्हण्याच्या शब्दावर बायको केली, तिथे फोनचं काय एवढं, म्हणाले. मी तार कापली.

उद्घाटनानंतर पाचव्या दिवशी दुपारी वारा सुटला. मी ऑफिसात होतो. पडद्यावर प्रत्येक घराचा एकेक हिरवा ठिपका असतो. दरीच्या तोंडाकडचे तीन लाल झाले, मग सात, मग मोजायचं भानच राहिलं नाही. ताईचा सगळ्यात शेवटी गेला. शेजारच्या ऑपरेटरबाईंनी नजर टाकली आणि सांगितलं की लाइन आपली ठणठणीत आहे, वीज त्यांची गेलीय. तक्रार आपल्याकडे येणार नाही. खरंच होतं ते. तक्रार करणार कशावरून?

मी तसाच उठलो. जीप काढली. वाटेत दोनदा उतरून फांद्या ओढून बाजूला केल्या, हात सोलवटले. तोंडाने भावोजी, भावोजी चाललं होतं.

दुसऱ्या वळणावर ताई दिसली. पायात चपला नव्हत्या, केस वाऱ्याने सुटलेले. ती खाली येत होती, पण धावत नव्हती. सावकाश चालत होती. तिला कसलीच घाई राहिलेली नव्हती.

मी जीप थांबवून उतरलो. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मी तो झेलला असता.

"अर्धा तास दाबत बसले रे बटणं," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच जमत नाहीये."