एकेचाळिसाव्या पानावर

मित्रांनो, आष्ट्याला उसाच्या रानालगत एक घर आहे. त्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खिडकीशी ठेवलेल्या टेबलावर जो पिवळट पडलेला जुना संगणक दिसतो, तो मी. माझ्या आयुष्यात कौतुकाचे दिवस आले, तसे विसरून जाण्याचेही आले. पण मला सांगायचे आहे ते त्या पाच महिन्यांबद्दल. तेव्हा माझ्यात कसलाही बिघाड नव्हता आणि तरी मी बंद होतो.

माझा जन्म सांगलीतल्या एका लहानशा दुकानात झाला. माझा डबा एका ठिकाणचा, पडदा दुसऱ्या ठिकाणचा, कीबोर्ड तिसऱ्याच ठिकाणचा. दुकानदाराने एका दुपारी स्क्रू पिळून मला जोडले आणि संयोगिता नावाची मुलगी मला घेऊन या घरी आली. संयोगिता ही पद्माबाईंच्या भावाची मुलगी. डिप्लोमा शिकण्यासाठी ती आत्याकडे राहत होती. तीन वर्षे माझ्यावर तिचा अभ्यास चालला. पुढे तिला कुपवाडच्या एका कारखान्यात विजेची पॅनेल जोडण्याचे काम मिळाले आणि ती तिकडे राहायला गेली. जाताना तिने माझ्या कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या.

"आत्या, हा तुलाच ऱ्हाऊ दे. शीक ह्याच्यावर," ती म्हणाली.

पद्माबाई दहावी शिकलेल्या. सुरुवातीला त्या मला हात लावतानाही पदराला हात पुसून घेत. एका बोटाने एक एक अक्षर शोधत. 'क्ष' सापडायला त्यांना आठवडा लागला. तो सापडला तेव्हा त्यांनी शेजारच्या राहीबाईंना हाक मारून दाखवला.

त्यांचे यजमान लालासाहेब. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तात्यांनी चोवीस वर्षे फौजेत काढली. निवृत्तीनंतर साखरेच्या आजाराने त्यांची नजर मंदावली. वर्तमानपत्राची मोठी अक्षरेही त्यांना पुसट दिसत. ते माझ्याकडे फारसे फिरकत नसत.

मग एक दिवस आटपाडीहून क्रांती आली. ती तिथे अंगणवाडी सेविका आहे. तिचे वडील आकाराम हे तात्यांचे फौजेतले सोबती. बर्फातल्या एका चौकीवर आकाराम वारले, तेव्हा क्रांती आईच्या पोटात होती. तिच्याजवळ वडिलांचा एक फोटो होता आणि एक पेटी. बाकी काही नव्हते.

"तात्या, शेवटी तुमीच हुता त्यांच्यासंगं," ती म्हणाली. "मला सगळं सांगा. माझा बाप कसा हुता, कसा गेला."

"पोरी, तुझ्या तोंडाकडं बघून मला न्हाई सांगता यायचं," तात्या म्हणाले. "मी लिवून देतो."

पण डोळ्यांना दिसेना, मग लिहिणार कसे? तेव्हा पद्माबाई पुढे झाल्या. "तुमी सांगा, मी टाइप करते."

मित्रांनो, ते माझे सर्वांत चांगले दिवस. रोज तीनच्या चहानंतर पद्माबाई माझ्यासमोर बसत. तात्या खाटेवर बसून सांगत. आकाराम चौकीवर सामान आणणाऱ्या खेचरांपैकी एकीला राणी म्हणायचा. घरून आलेल्या गुळातला निम्मा तिला चारायचा. त्याला शीळ घालता यायची नाही आणि तरी तो घालायचा. तात्या सांगता सांगता हसत, पद्माबाई म्हणत, "आवं, दमानं! माझं अजून 'खेचर'च चाललंय." एका दिवसात अर्धे पान व्हायचे. पण चाळीस पाने झाली. तात्या लोकांना सांगत, "आमची ही आता कारकून झालीया," आणि त्यांच्या आवाजात कौतुक असे.

आता शेवटचा भाग राहिला होता. तो आला तसे तात्या टाळाटाळ करू लागले. आज डोके दुखते, आज रानात जायचे आहे. अखेर एका दुपारी त्यांनी सांगायला घेतले. एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ झाली आणि त्यांचा आवाज बसला. "ऱ्हाऊ दे. उद्या," ते म्हणाले. पद्माबाईंनी लिहिलेले जपून ठेवले आणि मला नीट बंद केले.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची साफसफाई निघाली. भिंत रंगवायची म्हणून टेबल हलवायचे होते. पद्माबाईंनी माझ्यावरची धूळ ओलसर फडक्याने पुसली. मग त्या मला उचलायला वाकल्या, तेव्हा तात्या म्हणाले, "सर बाजूला, तू पाडशील." त्यांनी मला मागून कवेत धरले आणि खाटेवर नेऊन ठेवले. माझ्या पाठीला, विजेची वायर जिथे बसते त्याच्याजवळ, एक लहानसा काळा खटका आहे. त्यांच्या मनगटाने तो खाली दाबला गेला. त्यांना ते कळले नाही. मला कळले.

रंग वाळला. मला जागेवर ठेवले, वायर लावली. पद्माबाईंनी बटण दाबले. मी सुरू झालो नाही. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. माझा पंखा हलला नाही, दिवा लागला नाही.

"काय केलंस?" तात्यांनी विचारले.

"काय न्हाई वं. धूळ पुसली नुसती."

"कशानं?"

"फडक्यानं. जरा वला हुता."

तात्या ओरडले. इतके की राहीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "विजेच्या वस्तूला पाणी लावतंय व्हय कुणी? अक्कल हाय का न्हाई? सगळं घालवलंस! त्या पोरीचा बाप घालवलास तू!"

पद्माबाईंनी हातातला फडका घट्ट धरला होता.

तात्यांनी एका दुकानाला फोन लावला. पलीकडून उत्तर आले की जुने मशीन आहे, मदरबोर्ड गेला असेल, घेऊन या. तात्या ज्याला त्याला सांगू लागले, "मदरबोर्ड गेला. हिनं पाणी घातलं." मला सांगलीला मात्र कोणी नेले नाही. दोन दिवसांनी पद्माबाई हळूच म्हणाल्या, "वहीत लिवून घेऊ का? तुमी सांगा, मी लिवते."

"काय नको. न्हाई लिवायचं आता."

मित्रांनो, मला तेव्हा एक शंका आली आणि ती आजही गेलेली नाही. तात्यांच्या रागाच्या आत भीती होती. शेवटचे ते सांगावे लागू नये, म्हणून माझे बंद पडणे त्यांना कुठेतरी सोयीचेही वाटले असेल. पण दोष पद्माबाईंच्या अंगावर राहिला. त्यांनी मला जुन्या साडीची खोळ शिवून घातली आणि पुन्हा हात लावला नाही. संयोगितालाही फोनवर सांगितले नाही. मला आवाज असता तर मी एवढेच म्हणालो असतो, "मागे बघा." तेवढेही मला जमले नाही.

पौषात एका सकाळी तात्या अंगणात तोंड धुता धुता कोसळले. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणे गेले होते. सगळे समजत होते, ओठही हलत होते, पण शब्द बाहेर येत नव्हता. पद्माबाई त्यांना चमच्याने पेज भरवत. क्रांती भेटायला येऊन गेली. लिहिण्याबद्दल तिने विचारले नाही. ती जाताना पद्माबाई दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातनं बिघडलं गं पोरी." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

गुढीपाडव्याच्या सुट्टीला संयोगिता आली. माझ्यावरची खोळ तिने बघितली.

"आत्या, ह्याला काय झालं?"

"बिघडला. मी वला फडका लावला."

"कवा?"

"दिवाळीला."

संयोगिताने खोळ काढली. आधी तिने भिंतीवरच्या बोर्डात स्वतःच्या फोनचा चार्जर लावला. फोन चार्ज होऊ लागला, म्हणजे तिथे वीज होती. मग तिने वायर काढून दोन्ही टोके बघितली आणि घट्ट बसवली. पडद्यावरचा बारका दिवा लागत होता, माझा लागत नव्हता. ती खाली वाकली आणि तिने माझ्या पाठीमागे हात फिरवला. हात थांबला.

"आत्या गं," ती म्हणाली. तिने खटका वर केला आणि बटण दाबले.

माझा पंखा फिरला. पाच महिन्यांची धूळ उडाली. माझ्या आतला घड्याळाचा सेल संपला होता, म्हणून मी चुकीची तारीख दाखवली. संयोगिताने ती दुरुस्त केली आणि मी पूर्ण जागा झालो.

"पाण्यानं काय झालं नव्हतं. मागचं बटण बंद हुतं. उचलताना दाबलं गेलं असंल. कुणी उचलला हुता?"

पद्माबाईंनी खाटेकडे बघितले नाही. "सुरू झाला न्हवं? मग झालं तर," एवढेच त्या म्हणाल्या. पण तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायला त्यांचा उजवा हात उचलत नव्हता.

क्रांतीला निरोप गेला. ती दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने आली आणि माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचू लागली. राणीच्या गुळाचे आले तेव्हा ती खळखळून हसली. शीळ घालण्याचे आले तेव्हा म्हणाली, "मलाबी न्हाई येत!" वाचता वाचता ती एकेचाळिसाव्या पानावर पोहोचली. तिथे एवढेच होते: 'त्या दिवशी सकाळी आकाराम माझ्याजवळ आला आणि म्हणाला,'

स्वल्पविरामापुढे माझा पडदा पांढरा होता.

"काय म्हणाले?" क्रांतीने मान वळवून विचारले.

तात्यांनी प्रयत्न केला. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली. "आ... आ..." यापुढे काही आले नाही. क्रांती उठून त्यांच्या पायाशी बसली. "ऱ्हाऊ द्या तात्या. एवढाबी बाप माझ्याजवळ नव्हता." हे म्हणताना ती हसत होती, पण बसमध्ये चढेपर्यंत तिने डोळ्यांवरचा पदर काढला नाही, असे राहीबाईंनी नंतर सांगितले.

त्यानंतर तात्या रोज दुपारी ओठ हलवत राहिले. आम्हाला वाटायचे, आकारामचे ते वाक्य जुळवत आहेत. पंधरा दिवसांनी, पद्माबाई पेज भरवत असताना, त्यांच्या तोंडून पहिला धड शब्द निघाला.

"चुकलं."

पद्माबाईंचा चमचा थांबला. "काय म्हणतायसा?"

"मा... माजं."

पद्माबाईंनी वाटी खाली ठेवली. "व्हय," त्या म्हणाल्या. "तुमचंच चुकलं." आणि मग तोंडात पदर धरून त्या खूप रडल्या. तात्यांचा डावा हात त्यांच्या डोक्यावर होता.

मित्रांनो, आकाराम काय म्हणाला, ते मला ठाऊक नाही आणि आता ते माझ्यात कधी लिहिले जाईल असे वाटत नाही. तुमच्या घरातली एखादी वस्तू बंद पडली, तर आधी बोर्ड बघा, वायर बघा, मागे हात घालून बघा. जवळ जे माणूस उभे असेल त्याच्यावर ओरडू नका. आणि तुमच्या घरातले कोणी काही सांगता सांगता 'उद्या' म्हणाले, तर त्यांच्याजवळ आणखी थोडा वेळ बसून राहा.