आकडा सांगून गप्प बसणे

दातांच्या डॉक्टरीणबाईंना वेबसाइट हवी होती आणि घरबसल्या वेबसाइटी करणाऱ्या आपल्या गृहस्थाला तिचा भाव सांगायचा होता. नोकरी सोडल्यापासूनचं हे पहिलं मोठं काम. बायकोची अट साधी होती: "चाळिसाच्या खाली गेलास, तर सोमवारपासून दादाच्या फरशीच्या दुकानात." मेहुणा माणूस चांगला, फक्त डबा खाताना उपदेश वाढायचा.

सकाळपासून आकडा काही बसेना. तास मोजले तर तीस हजार होत, आब राखायचा तर नव्वद. शेवटी डोळे मिटून त्याने साठ पाठवले. निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

तो उठला. खिडकी उघडली, लावली. फोन पालथा घातला, लगेच उताणा केला. मग जग बुडाल्याची खात्री पटून लिहिलं, "थोडं इकडेतिकडे होईल." गप्प. "लोगो आमच्याकडून." गप्प. "वर्षभर देखभालही फुकट." हूं नाही की चूं नाही. "पन्नास?" आणि लगोलग, "बेचाळीस."

"कोणाशी घासाघीस चाललीये?" बायकोने दारातून विचारलं.

"डॉक्टरीणबाईंशी."

"काय म्हणतायत?"

"अजून काही नाही."

"म्हणजे एकट्यानेच अठरा हजार उतरलास? आणि दादाला मी सांगते, याला धंद्यातलं कळतं!"

तो अडतीस लिहीत असतानाच फोन वाजला.

"अहो, तुमचा पहिला आकडा वाचला तोच पेशंटने तोंड उघडलं," बाई म्हणाल्या. "हात मोकळे करून बघते तर इथे लिलाव! यातला खरा कोणता?"

बायको खुर्ची ओढून समोर बसली. त्याच्या जिभेवर बेचाळीस थयथयाट करत होते.

"पहिला," तो म्हणाला आणि पुढचं काही सांडू नये म्हणून तोंडावर हात दाबला.

पलीकडे नळाची धार ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटला.

"बरं, साठ. पण लोगो आणि देखभाल त्यात आलीच ना?"

हात निसटला. "आलीच, आलीच!"

बायकोने कपाळ बडवलं. पण दुकान टळलं होतं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज आला: "फोटो आवडला नाही तर बदलाल ना? आणि रंग? रविवारी फोन केलेला चालतो ना?"

साइट अजून जन्माला यायची होती. देखभाल सुरू झाली होती.